किड्यांच्या पाठवणीचा ढोल

आमच्या वरच्या गावात दरवर्षी किड्यांची पाठवणी असते. लेकीची असते तशीच, फक्त कोणी डोळ्याला पदर लावत नाही. भात गुडघाभर वाढलं, झड ओसरली, की एका संध्याकाळी मशाली पेटवायच्या, पेंढ्याचा घोडेस्वार काठीवर चढवायचा, ढोल बडवत बांधाबांधानं चालायचं आणि शेतातली सगळी कीड गोळा करत खालच्या ओढ्यापर्यंत नेऊन सोडायची. ओढ्यापलीकडे खालचं गाव. ते लोक आपला ढोल घेऊन पुलाशी उभेच असतात. आमचा ढोल म्हणतो, घ्या. त्यांचा म्हणतो, ठेवा तुमच्याकडंच. असं बराच वेळ चालतं. शेवटी ते घेतात, कारण दुसऱ्या दिवशी त्यांना ती त्यांच्या खालच्या गावाच्या गळ्यात घालायची असते. असं करत करत कीड समुद्राला मिळते. निदान मिळावी अशी सगळ्यांची इच्छा असते.

आमची पोरं पुढं गात जातात:

जा रं तुडतुड्या, घोडा सजला,
ओढ्यापल्याड दिवा लागला.

पलीकडची पोरं पुलाच्या त्या टोकावरून लगेच परतवतात:

नको रं तुडतुड्या, दिवा विझला,
कालचाच पाव्हणा अजून निजला.

पण खरं बोलणं पोरांचं नसतं, ढोलांचं असतं. आमच्या बाजूनं वाजवतात तोयोसान. सत्तरी ओलांडलेल्या, अंगानं काडी, रोज पहाटे टोफू घालतात आणि दुपारपर्यंत विकून मोकळ्या होतात. आधी त्यांचे यजमान वाजवायचे. ते गेले त्या वर्षी गावाला वाटलं, आता पाठवणी कशी व्हायची. तर ऐन संध्याकाळी ह्या एप्रन सोडून ढोलापाशी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मधल्या वळणावर ते नेहमी चुकायचे. मी चुकणार नाही." आणि नाही चुकल्या.

पलीकडं इसोकिचीसान. नदीत मासे धरतात, एकटेच राहतात, बोलायला इतके कंजूष की दुकानात मीठ मागायचं तरी बोट दाखवतात. पण ढोल पुढ्यात आला की त्यांना तोंड फुटतं. तोयोसाननी काही टाकलं की ते उचलतात, उलटं करून परत फेकतात. त्यावर ह्या आणखी काहीतरी चढवतात. वर्षातून एकच संध्याकाळ. एरवी बाजारात समोरासमोर आले तर मान लववतात आणि निघून जातात, जणू कोणाचे कोण.

यंदा अडलं ते ढोल उचलण्यावर. आमचा ढोल म्हणजे झाडाचा अख्खा बुंधा पोखरून केलेला. तो बांबूला टांगून दोघांनी खांद्यावर न्यायचा आणि तोयोसाननी शेजारून चालत वाजवायचा. त्या दोघांतला एक लेकीकडं निगाताला राहायला गेला. दुसऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. गावात तरुण म्हणावा असा एक टपालवाला आहे, तोही साठीला आलेला, आणि उंचीला एवढा ताड की दुसऱ्या टोकाला कोणीही उभं राहिलं तरी ढोल घसरून त्याच्या कानावर जातो.

म्हणून गावप्रमुख क्यूहेईसाननी बैठक बोलावली.

"सोपं आहे," ते म्हणाले. "माझ्या छोट्या ट्रकवर भोंगा लावू. तोयोसान, तुमच्या यजमानांनी वाजवलेलं माझ्याकडं कॅसेटवर आहे. ट्रक पुढं, गाव मागं. कोणाच्या खांद्याला त्रास नाही."

तोयोसान चहाच्या कपात बघत होत्या. "कॅसेट पलीकडचं ऐकणार का?"

"म्हणजे?"

"इसोकिचीसाननी मध्येच काही विचारलं, तर कॅसेट काय करणार?"

"वाजत राहणार."

"आमचे हेही तेच करायचे," तोयोसान म्हणाल्या. "मी काही विचारलं की वाजत राहायचे. तेव्हा निदान डोळे तरी वटारता यायचे. आता ट्रककडं बघून वटारू?"

सगळे हसले. क्यूहेईसानही हसले, पण ते हसले म्हणून मागं हटले असं कधी झालेलं नाही. "मग एकट्याला उचलवेल असा ढोल आणा. नाही तर यंदा भोंगा. आणि एकदा भोंगा लागला की तोच कायमचा, हे आत्ताच सांगून ठेवतो. दरवर्षी हा घोळ घालायला मला वेळ नाही."

दुसऱ्या दिवशी तोयोसान टोफूचं भांडं घेऊन आमच्या दारात. आमचे हे, यासाकू, लाकडी पिंपं करतात. सोयाबीनचा मिसो मुरवायची, लोणच्याची, आंघोळीची, गरम भात काढून ठेवायची. खोऱ्यात हे काम करणारे आता हे एकटेच उरलेत, त्यामुळे आपली किंमत वाढली असं ह्यांना वाटतं. वाढली ती फक्त कामाची वाट बघण्याची सवय.

"यासाकू, पिंपाला तळ नसला तर काय होतं?" तोयोसाननी विचारलं.

"गळतं."

"आणि दोन्हीकडून कातडं ताणलं तर?"

ह्यांनी हातातली फळी खाली ठेवली. "ढोल होतो. ताइको."

"मग तसा कर. खांद्याला अडकवून मला एकटीला चालता आलं पाहिजे. हलका. पण आवाज जुन्यासारखा भारी. आणि खालच्या गावात ह्यातलं अवाक्षर कळता कामा नये."

"का हो?" मी विचारलं.

त्यांनी भांडं ओट्यावर ठेवलं. "मासू, इसोकिचीसानना कळलं की म्हातारीला ढोल झेपत नाही, तर काय करतील ते?"

"वाईट वाटेल त्यांना."

"हात राखून वाजवतील. मध्ये मध्ये मला दम खाऊ देतील. किडे पटकन घेऊन टाकतील. अगं, वर्षभर मी त्या एका संध्याकाळची वाट बघते. त्या संध्याकाळी मला कोणी जिंकू द्यायचं? त्यापेक्षा भोंगा परवडला."

त्याच आठवड्यात इसोकिचीसान आले. हातात वेळूच्या पानात गुंडाळलेले नदीतले मासे. त्यांनी आधी एका पिंपाकडं बोट दाखवलं, मग स्वतःच्या खांद्याकडं, मग दोन्ही हातांनी हवेत बडवून दाखवलं. आम्ही दोघं बघतच राहिलो. तेव्हा त्यांनी नाइलाजानं तोंड उघडलं.

"आमचे ढोल उचलणारे. दोघं साडू. पाण्याच्या पाळीवरून बोलणं बंद. एक पळतो, एक रेंगाळतो. ढोल झोके घेतो. गेल्या वर्षी निम्म्या थापा हवेत गेल्या." एवढं बोलून ते दमले, पाणी प्यायले, आणि पुढं म्हणाले, "एकट्याला नेता येईल असा हवा. आणि तोयोसानना कळू देऊ नका."

"का हो?" मी विचारलं. हसू येऊ नये म्हणून चुलीकडं तोंड केलं होतं.

"त्या हात राखतील."

मी आत जाऊन टॉवेलमध्ये तोंड खुपसलं.

संध्याकाळी मी ह्यांना म्हटलं, "आता दोन्हीकडं खोटं बोलायचं का?"

"खोटं कुठं बोलायचंय. गप्प बसायचं."

"तुम्हाला जमतं ते. मला माणसं प्रश्न विचारतात."

पिंपवाल्यांचा एक लांबलचक रंधा असतो. तो जमिनीवर तिरका रोवून ठेवायचा, पातं वरच्या अंगाला, आणि फळीच त्याच्यावरून ओढायची. फळ्यांच्या कडा एकमेकींना केसाचीही फट न ठेवता भिडल्या पाहिजेत, म्हणून त्या रंध्याला आमच्या धंद्यात 'प्रामाणिक' असंच नाव आहे. सकाळी उठून हे त्या प्रामाणिकावर देवदाराच्या फळ्या ओढत बसायचे आणि कोणी गावकरी डोकावला की म्हणायचे, "लोणच्याचं पिंप." खालच्या गावचा आला तरी लोणच्याचंच. आठवड्याभरात दोन्ही गावांत बोलवा झाली की यासाकूकडं एवढं लोणचं कोण घालतंय.

पहिला ढोल उभा राहिला तेव्हा ह्यांनी मला हाक मारली. मान ताठ, हात पाठीमागं. फळ्या चिमण्यांसारख्या अंग चोरून एकमेकींना बिलगलेल्या, वर हिरव्या बांबूची वेणी घातलेली दोन कडी. इतकं देखणं काम बऱ्याच वर्षांत ह्यांच्या हातून झालं नव्हतं.

"बघ," हे म्हणाले, "काठोकाठ भरलंय. थेंब गळत नाही."

मी वाकून पाहिलं. आत पाणी होतं. पाण्यात माझं तोंड होतं.

"अहो," मी म्हटलं, "ढोलातून थेंब गळायचा कशाला?"

ह्यांनी पाण्यात हात घालून चाचपून पाहिलं. मग हळूच म्हणाले, "तळ बसवला वाटतं."

"चांगला बसवलाय."

"हातांना सांगायचं राहिलं."

हातांचा दोष नाही. पन्नास वर्षं पिंप म्हणजे तळ आणि तळ म्हणजे पाणी. ह्यांच्या धंद्यात दुखणं एकच, पिंप वाळतं आणि कडं सैल होतं. औषधही एकच. बुडवा पाण्यात. लाकूड फुगतं, कडं आवळतं, पिंप पुन्हा ठणठणीत. घरात कोणाचं डोकं दुखलं तरी ह्यांना पहिलं सुचतं ते आंघोळीचं पिंप.

तळ ठोकून काढला. ढोल सुकत टांगला. झडीचे दिवस, लाकूड आधीच पुरतं वाळलेलं नव्हतं, त्यात ह्यांनी त्याला पाणी पाजलेलं. पण पाठवणी काही थांबणार नव्हती. दुसरा ढोल करताना मी समोर बसून राहिले आणि हे तळाच्या फळीकडं हात नेऊ लागले की खाकरायची.

कातडी तालुक्याच्या गावाहून आली, लोखंडी कड्यांवर शिवलेली. दोर ओवायचं काम माझं. एक कातडं वर, एक खाली, आणि दोर वरून खाली, खालून वर, सगळ्या अंगाभोवती. मग दोघांनी पाय टेकवून दोन बाजूंनी ओढायचं. हे काम नवराबायकोनं करू नये. मी ओढलं की हे म्हणायचे, हळू. हे ओढायला लागले की मी पुढं घरंगळायची. शेवटी मी गाणं धरलं:

ओढ रे ओढ, दोराचा ताण,
कातडं बोलेल, ठेव तू मान;
सैल सोडशील, फुगेल गाल,
म्हणेल ढोल, काय माझे हाल.

गाण्याच्या ठेक्यात ओढलं की भांडायला जागा उरत नाही. दोन्ही ढोल तसेच ताणले. माझ्याच गाठी, सारख्या. पाणी प्यायलेल्याला लाल पट्टा, दुसऱ्याला निळा.

ठरवून दिलेल्या दिवशी इसोकिचीसान आपला निळा बघायला आले. पट्टा खांद्याला लावला, ढोल पोटाशी आडवा धरला, दोन पावलं चालून पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर जे काही आलं ते त्यांच्यापुरतं हसू असावं. टिपरी उचलणार, तेवढ्यात अंगणातून आवाज आला, "मासू, आहेस का गं?"

तोयोसान. त्या उद्या येणार होत्या.

इसोकिचीसाननी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि हे मिसोसाठी करत होते त्या माणूसभर उंचीच्या पिंपात ढोलासकट उतरले. ह्यांनी वर झाकण ठेवलं आणि झाकणावर बसले.

तोयोसान आत आल्या, लाल पट्ट्याचा ढोल त्यांनी तान्ह्या मुलासारखा उचलला. हलका लागला तशा चमकल्या. खांद्याला लावला, दोन टिपरी घेतली आणि एक थाप मारली. घरातल्या भांड्यांनी एकदम मान वर केली असं वाटलं. मग त्यांनी ती ओळ वाजवली, दरवर्षी पुलापाशी सुरुवातीला वाजवतात ती, जिचा अर्थ असतो, आलोय आम्ही, घ्या.

पिंपाच्या आतून अगदी हळू उत्तर आलं. टक, टक्टक, टक.

हे झाकणावर अधिक जड होऊन बसले.

"उंदीर," हे म्हणाले.

तोयोसाननी पिंपाकडं पाहिलं. ह्यांच्याकडं पाहिलं. "उंदराला ठेका बरा येतो," म्हणाल्या, आणि ढोल कापडात बांधून निघून गेल्या.

झाकण काढलं तर इसोकिचीसान आत गुडघे दुमडून बसलेले. ते बाहेर आले, पण टिपरी हातात घेतली नाहीत. खालीच बघत होते.

"त्यांना जुना झेपत नाही?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "दादा, ऐका. त्यांना भोंग्याची भीती नाही, जिंकण्याची नाही, हरण्याची नाही. त्यांना भीती आहे ती तुम्ही आता जे तोंड केलंय त्याची. हात राखून वाजवलंत तर पहिल्या थापेला ओळखतील. आणि मग त्या ढोल पुन्हा हातात धरणार नाहीत. बघा बुवा."

त्यांनी मान हलवली. पण माणूस दयाळू असला की त्याच्या मानेवर भरवसा ठेवता येत नाही.

पाठवणीची संध्याकाळ कोरडी निघाली. झड संपून चार कडक उन्हं पडली होती, आणि तोयोसाननी आपला ढोल त्या उन्हात दाराशी टांगला होता, येणाजाणाऱ्याला दिसावा म्हणून, आता लपवायचं राहिलंच काय. मशाली पेटल्या. टपालवाल्यानं पेंढ्याचा घोडेस्वार उंच धरला, त्याच्या उंचीचा तेवढाच एक उपयोग. पोरं पुढं, मशाली त्यांच्यामागं, आणि मशालींच्या अगदी पाठीला लागून तोयोसान, खांद्यावर लाल पट्टा. सगळ्यांच्या मागं क्यूहेईसान ट्रक रखडवत येत होते, टपावर भोंगा. "नुसता बरोबर असू दे," ते ज्याला त्याला सांगत होते.

भाताचा ओला वास, बेडकांची तक्रार, आणि त्यावरून ढोल. जुना ढोल दोघांच्या मर्जीनं चालायचा. हा तोयोसानच्या पावलानं चालत होता. त्या बांधावर वळल्या की तो वळायचा, त्या थबकल्या की थबकायचा. मधलं वळण आलं. त्यांनी ते असं काही घेतलं की म्हाताऱ्यांनीही मागं वळून पाहिलं.

पुलाच्या त्या टोकाला इसोकिचीसान उभे होते. निळा पट्टा. शेजारी ढोल उचलणारे ते दोघे साडू, रिकाम्या खांद्यांनी, एकमेकांकडं पाठ करून.

तोयोसान माझ्या कानाशी म्हणाल्या, "उंदीर नटून आलाय."

मग त्यांनी विचारलं, म्हणजे ढोलानं. आलोय आम्ही, घ्या. आणि पलीकडून उत्तर आलं, गुळगुळीत, मऊ, पाहुण्याला उशी द्यावी तसं.

तोयोसान थांबल्या. टिपरी कमरेला खोचली आणि ओढ्यापलीकडं नुसत्या बघत राहिल्या. पोरांचं गाणंसुद्धा बंद पडलं. इसोकिचीसाननी एकदा माझ्याकडं पाहिलं. मी आभाळाकडं पाहिलं. त्यांनी पाय रोवले, दोन्ही टिपरी खांद्याच्या वर नेली आणि अशी थाप हाणली की साडूंपैकी एक दचकून दुसऱ्याच्या अंगावर गेला.

"हां," तोयोसान म्हणाल्या, आणि टिपरी काढली.

पुढचं काय सांगू. घ्या. नाही. घ्या की. ठेवा की. तुमचेच आहेत. कशावरून. ह्या पायांना बघा, वरच्या गावची चाल आहे. पंख बघा, खालच्या गावचे आहेत. दोन्हीकडची माणसं पुढं सरकत सरकत काठाशी आली. मशाली तोयोसानच्या दोन्ही अंगांना, जवळ, अगदी जवळ.

आणि ऐन रंगात ढोलातून 'टक' असा आवाज आला. मग खुळखुळल्यासारखं. उन्हानं सुकलेलं, मशालींनी शेकलेलं लाकूड आतल्या आत आकसलं होतं, आणि खालचं कडं घसरून दोरावर येऊन बसलं होतं. फळ्या जुन्या गाडीसारख्या वाजू लागल्या.

हे माझ्या शेजारी होते, आणि पुढच्या क्षणी नव्हते. कडं सैल झालेलं ह्यांना दिसलं आणि पन्नास वर्षं धावत सुटली. ह्यांनी तोयोसानच्या खांद्यावरून पट्टा काढला, ढोल उराशी धरला, काठ उतरून ओढ्यात शिरले आणि दोन्ही गावांसमोर तो पाण्यात बुडवला. वर धरून ठेवला, पुन्हा बुडवला, नातवाला न्हाऊ घालावं अशा मायेनं. चेहऱ्यावर कसलं समाधान.

"अहो," मी काठावरून म्हटलं.

"आवळतंय, आवळतंय."

"ते पिंप नाही."

हे तसेच उभे राहिले, गुडघाभर पाण्यात. ढोलातून पाणी गळत होतं. कडं खरोखर आवळलं होतं. कातडी मात्र भिजलेल्या गादीसारखी लोंबली होती. तोयोसाननी वाकून एक टिपरू मारून पाहिलं. 'भप्' असं काहीतरी झालं.

मागून क्यूहेईसानचा आवाज आला. "लावू का?"

त्यांचं बोट बटनावर होतं. त्यांच्या बोलण्यात कुजकेपणा नव्हता, तेच वाईट होतं. तोयोसान रिकाम्या खांद्यानं पुलाशी उभ्या होत्या. हो म्हणाल्या असत्या तर त्यांना कोणी नाव ठेवलं नसतं, आणि पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, दरवर्षी भोंगाच त्यांच्या जागी पुलावर बोलला असता.

तेवढ्यात पलीकडून पावलं वाजली. इसोकिचीसान पुलावर चढले होते. पाठवणीच्या दिवशी कोणी ढोलवाला पूल चढत नाही, तसा रिवाजच नाही. ते मधोमध आले, ढोल फिरवून पुलाच्या लांबीत धरला, एक कातडं त्यांच्या गावाकडं, एक आमच्याकडं.

"याला दोन तोंडं आहेत," ते म्हणाले. "एक रिकामं आहे."

"दया नको मला."

"दया नाही." ते शब्द शोधत राहिले. शब्दांच्या बाबतीत त्यांचा हात फार मोकळा नव्हता. "तुम्ही नसलात तर मी कोणाला नाही म्हणू? ट्रकला?"

पलीकडून कोणीतरी हसलं. तोयोसान हसल्या नाहीत. त्या पूल चढल्या, आमच्या बाजूच्या कातड्यासमोर उभ्या राहिल्या, बोटानं ते दाबून पाहिलं, ताण बरा आहे अशी मान हलवली. माझ्याकडं बघून नव्हे, कातड्याकडं बघून. मग म्हणाल्या, "पट्टा घट्ट धरा."

"धरलाय."

"मागं सराल."

"बघू."

आणि त्यांनी पहिली थाप मारली. इसोकिचीसान खरंच अर्धं पाऊल मागं गेले.

मी आयुष्यभर पिंपांत राहिले, पण त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा कळलं की ढोलाच्या पोटात काय असतं. एका कातड्यावर मारलं की दुसरं आपोआप थरथरतं. तोयोसान विचारायच्या आणि प्रश्न इसोकिचीसानच्या टिपरीखाली जाऊन कापायचा. त्यांनी नाही म्हटलं की ते नाही तोयोसानच्या मनगटात शिरायचं. इतकी वर्षं मध्ये ओढा होता, आता फक्त देवदाराच्या फळ्या. दोघं एकमेकांकडं बघत नव्हते. बघायला सवडच नव्हती. आमच्या बाजूनं रेटा, त्यांच्या बाजूनं रेटा, ढोल मध्ये हिंदकळतोय, पूल कुरकुरतोय. क्यूहेईसान कधी ट्रकमधून उतरून काठावर आले ते त्यांनाही कळलं नसावं. ते पायानं ठेका धरून होते, चपला चिखलात.

आता कीड कोणाकडं गेली म्हणायचं, हे काही पोरांना उमगेना. त्यांनी दोन्ही गाणी एकात कालवली:

जा रं तुडतुड्या, नको रं तुडतुड्या,
पुलाच्या मधोमध बस रं तुडतुड्या.

टपालवाला घोडेस्वार उंच धरून पुलाच्या तोंडाशी ताटकळला होता. "हा मी देऊ कोणाकडं?" त्यानं दोनदा विचारलं. यंदा खांदे मोकळे म्हणून ज्यांनी तो घ्यायचा ते दोघं साडू ढोल ऐकण्यात गुंग होते, एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर, आणि हात कोणाचा हे दोघांच्याही ध्यानात नव्हतं. शेवटी टपालवाल्याचे दंड भरून आले आणि त्यानं घोडेस्वार सरळ ओढ्यात सोडला. हे अजून पाण्यातच होते, भिजलेला ढोल कवटाळून. घोडा ह्यांच्या मांडीला घासून पुढं गेला. पाण्यानं त्याला एकदा गोल फिरवलं, मग तोंड समुद्राकडं करून दिलं.

तो दिसेनासा झाला तेव्हा ढोल थांबला. कोणी थांबवला, मी सांगू शकत नाही. दोघांनी एकदमच टिपरी खाली केली. बेडूक पुन्हा सुरू झाले.

तोयोसानच्या कपाळावरून घाम निथळत होता. मोठ्या कष्टानं श्वास घेत त्यांनी विचारलं, "हात राखलात?"

इसोकिचीसाननी उजवा तळवा मशालीच्या उजेडात धरला. अंगठ्याच्या मुळाशी फोड आला होता आणि फुटलाही होता.

तोयोसाननी तो वाकून नीट पाहिला, टोफूचा तुकडा बघतात तसा, कुठं काही दडवलंय का.

"दुसरा दाखवा," म्हणाल्या.

त्यांनी दुसराही दाखवला. तिथंही होता, पहिल्याहून मोठा. तेव्हा कुठं तोयोसाननी आपली टिपरी कमरेला खोचली आणि पुलाच्या कठड्याला टेकून, दोन्ही गावांदेखत, हसायला लागल्या.